वीरांच्या देवळातला भात

दूर पूर्वेकडे, डोंगराच्या पायथ्याशी हक्का लोकांचं एक गाव होतं. एकदा गावावर लुटारू चालून आले, तेव्हा तरणी पोरं हातातला घास टाकून उपाशीपोटी त्यांना सामोरी गेली. गाव वाचलं, पोरं गेली. कोणाची हाडं कोणती हे ओळखता येईना, म्हणून गावानं सगळ्यांना एकाच मातीत ठेवलं आणि वर देऊळ बांधलं. असं देऊळ भाग्यवंत गावालाच लाभतं. भांडणं तिथं मिटत, सोयरिकी तिथं जुळत आणि दरवर्षी वीरांच्या सणाला घरोघरची माणसं खांद्यावर कावड घेऊन त्या पोरांसाठी तिथं गरम भात नेत.

लानमोई नावाच्या विधवेचा एकुलता एक मुलगा त्यांतच होता. तिचं मात्र सगळं वेगळं. इतरांच्या भाताच्या टोपल्या वेदीपुढे ओळीनं लागत. ही आपली टोपली कोपऱ्यात मांडून फक्त मुलाचं नाव घेई.

"ओळीत ठेव की गं," म्हातारा पुजारी म्हणे.

"ओळीत ठेवला तर माझ्या पोराच्या वाट्याला काय येणार?" ती फटकन विचारी.

एका वर्षी सणाच्या तोंडावर ती शेताच्या बांधावरून घसरली आणि पाय मोडून बसली. चूल पेटवायलाही उठवेना. पण सणाच्या दिवशी तिचा जीव राहीना. काठी टेकत, कण्हत, रिकाम्या हातांनी ती देवळात पोचली. आपला कोपरा मोकळा पाहून ती मटकन खाली बसली.

"आज माझं लेकरू उपाशी राहिलं," ती रडत म्हणाली.

शेजारीण जवळ आली. तिचाही मुलगा त्याच मातीत होता. "अगं, उपाशी कसं राहील? त्यांतला माझा कोणता नि तुझा कोणता, मला कुठं कळतंय? मी दरवर्षी सगळ्यांनाच वाढते. आम्ही सगळ्याच वाढतो."

लानमोईनं टोपल्यांची ती लांबच लांब ओळ पाहिली. इतकी वर्षं सारं गाव तिच्या मुलाला जेवू घालत होतं आणि तिनं दुसरीच्या मुलाला एक घासही दिला नव्हता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मला तुझ्यातला थोडा भात दे," ती शेजारणीला म्हणाली. मग भाताची वाटी वेदीपुढे ठेवून तिनं हात जोडले.

"पोरांनो, जेवा रे सगळे. मला यायला उशीर झाला."

तात्पर्य इतकंच: आपलं माणूस चारचौघांचं होऊ द्यावं, म्हणजे आपण थकलो तरी ते पोरकं होत नाही.