केळीच्या खुंटाचा डबा

आश्विन वद्य पंचमी. आभाळ झाकोळलेले, वारा पडलेला. केळीच्या टाकाऊ खुंटाच्या लगद्यात डाळिंबाची साल कुटून केलेला डबा त्या दिवशी प्रथमच बाजारात आला.

“घाबरू नका,” तो पोटातल्या अंजिरांना म्हणाला. “माझ्या अंगातून हवा खेळते, साल बुरशीला फिरकू देत नाही. तुम्हांला घरी पोचवीन, मग मातीत जाईन.”

फळवाल्या शेवंताबाईंनी डबा प्लास्टिकच्या पिशवीत घालून गच्च गाठ मारली.

“बाई, जीव कोंडतोय!”

“गप रे! नुसता डबा गिऱ्हाइकाच्या हातात देतात होय?”

पिशवी हसली, “आता मीच तुझी माती.”

संध्याकाळी पिशवीला आतून घाम सुटला. तिसऱ्या दिवशी अंजिरांना बुरशी आली. घरी नेणाऱ्या गिऱ्हाइकाने कुबट वास येताच गाठ न सोडता सगळे उकिरड्यावर टाकले.

पुढच्या आश्विनात उकिरडा उपसला. पिशवीत काळा चिखल होता. गाठ तशीच होती.