महाराजांचं बोलणं आणि मसाजीचं दार

"उद्याच्या बाजारात माझं बोलणं शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं पाहिजे. नाही पोचलं तर मसाजी, घर खाली कर!"

राजा अरिमर्दनाने हुकूम सोडला आणि पान तोंडात टाकलं. सरकारी कोठारात तांब्याचे हंडे छताला लागले होते. व्यापारी दरवर्षी येत, महाराजांचे हलणारे ओठ बघत आणि हात हलवत परत जात. मसाजी हा हंडेपूरचा दवंडीवाला; घर त्याला कामाबरोबर मिळालेलं. पण गेल्या बाजारात ओरडून ओरडून त्याचा घसा बसला, तो काही अजून उठला नव्हता. म्हणून त्याची मुलगी येसू पुढे झाली.

"महाराज, तांबटांचे हातोडे घटकाभर थांबवा की!"

दरबार गार पडला. बाजाराच्या दिवशी हंडेपुरातले सगळे तांबट एकदम भांडी ठोकायला बसत. माणसाला स्वतःची शिंकसुद्धा ऐकू येत नसे. पण हातोडा थांबायचा प्रसंग एकच ठरलेला होता. राजा गेला, की हातोडे थांबत.

"मला जितेपणीच पोचवतेस होय?" राजा कडाडला. "हातोडे चालूच राहतील!"

"मग महाराजांनी जरा आवाज चढवावा."

"राजा काय भाजी विकतो?"

"मग बाच्या ऐवजी मी ओरडून सांगते."

"मुळीच नाही! दुसऱ्याच्या तोंडून गेलं की माझं बोलणं उष्टं होतं. गेल्या साली मी म्हणालो, हंडा चांगला आहे. तुझा बाप ओरडला, हंडा नातवंडांना पुरेल! आता लोक नातवंडं घेऊन आले म्हणजे? माझ्या बोलण्यात एक शब्द वाढता कामा नये आणि एक शब्द सांडता कामा नये!"

"एकही नाही?"

"एकही नाही!"

"बरं. उद्या काय बोलणार, ते आज सांगाल का? म्हणजे मला तयारी करता येईल."

"ते मलाही उद्याच कळतं," राजा म्हणाला.

घरी आल्यावर मसाजी डोक्याला हात लावून बसला. येसूने मात्र पाटा-वरवंटा बाजूला सारला आणि घराच्या दाराची दोन्ही फळकुटं बिजागऱ्यांतून उचकटली.

"अगं ए, दार कशाला काढतेस?" मसाजी घोगऱ्या आवाजात ओरडला.

"घर राहिलं तर परत बसवू. गेलं तर नव्या दवंडीवाल्याला वारा मिळेल."

तिने फळ्यांना काजळी फासली, चुना कालवला, केरसुणीच्या काड्यांचा कुंचला केला. मग बापाला पार विहिरीपलीकडे उभं केलं आणि त्याला वाचता येईपर्यंत अक्षर मोठं करत नेलं. व्यापारी म्हटला की त्याला वाचता येणारच, एवढ्यावर तिची सगळी मदार होती.

दुसऱ्या दिवशी बाजार भरला. हातोड्यांनी कानठळ्या बसत होत्या. राजा चौथऱ्यावर चढला आणि रोजच्या आवाजात बोलू लागला. येसू त्याच्या खांद्यापाशी, तोंडाजवळ कान नेऊन लिहू लागली. मसाजी एक फळी डोक्यावर धरी, तोवर ती दुसरी ओल्या फडक्याने पुसून पुढचं लिही. महाराज वाक्यावाक्याला मिशीवरून हात फिरवत. ती मिशी नसती, तर येसूचं कठीण होतं.

माना वर झाल्या. आप्पाशेट नावाचे म्हातारे व्यापारी ठार बहिरे होते, ते आजवर भांडी नुसती चाचपून बघत. त्यांनी फळी वाचली, डोळे चोळले आणि शेजाऱ्याला ढोसलं, "हे बोलतात होय दरवर्षी!"

तेवढ्यात राजा येसूशेजारीच उभ्या असलेल्या प्रधानाच्या कानाशी वाकला आणि पुटपुटला, "उत्तरेच्या कोपऱ्यातले हंडे गळके आहेत. तेच आधी यांच्या गळ्यात मारा."

येसूचा कुंचला थबकला. मसाजीने फळीखालून मान जोरजोरात हलवली. लिहिलं तर मान जाणार, गाळलं तर घर जाणार! पण हुकूम तो हुकूम. तिने लिहिलं.

बाजार खो खो हसला. आपलं भाषण रंगलं असं वाटून राजाने मिशीला आणखी एक पीळ दिला. मग व्यापारी उत्तरेच्या कोपऱ्यात जाऊन हंडे उलटे करू लागले, तेव्हा त्याला शंका आली. त्याने वळून फळी वाचली.

"हे तुला कोणी लिहायला सांगितलं?"

"महाराजांनीच! एकही शब्द सांडता कामा नये म्हणालात. कुठला शब्द पोटात ठेवायचा, ते माझं काम नाही. तो ठेवायचा असेल तर बोलायच्या आधीच ठेवावा, महाराज!"

राजाचा चेहरा तांब्यासारखा लाल झाला. प्रधान दोन पावलं मागे सरकला. तेवढ्यात आप्पाशेट चौथऱ्यावर चढले आणि बहिऱ्या माणसाच्या आवाजात गरजले. हातोड्यांवर मात करणारा आवाज तो!

"महाराज! गळका हंडा कुठे ठेवलाय हे भर बाजारात सांगणारा विकणारा आज पहिल्यांदा पाहिला! तो कोपरा सोडून सगळे हंडे आमचे. भाव तुम्ही सांगाल तो!"

मागच्या रांगांतूनही हात वर झाले. सगळ्या कोठाराचा सौदा उभ्याउभ्या ठरला.

राजाने कोठाराकडे पाहिलं, मग येसूकडे. "घर तुमचं कायमचं. आणि या दाराला चांदीची कडी लावून ते दरबारात ठेवतो. यापुढे मी बोलेन तिथे तू उभी राहायचं."

"कडी नको, महाराज. घराला नवं दार द्या. काल रात्री कुत्रं शिरलं होतं."

"दिलं!" म्हणत राजा सवयीने प्रधानाच्या कानाशी वाकला. बघतो तर येसूचा कुंचला वर! त्याने तोंड गपकन मिटलं आणि मग पोट धरधरून हसत सुटला.

शेवटच्या रांगेतले व्यापारी टाचा उंचावून बघू लागले. येसूने फळी पुसली आणि ठळक अक्षरात लिहिलं, "महाराज हसत आहेत."