टोक नसलेला गळ

“मग माझं चुकतंय काय, ते तरी सांगा.”

कौस्तुभने हे विचारलं तेव्हा तो नदीत गुडघाभर पाण्यात उभा होता. टिपणीस काका काठावर बसून संत्रं सोलत होते.

काकांनी संत्र्याची एक फोड पुढे केली.

कौस्तुभ ठाण्याचा. पंप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, आणि त्या कामासाठी स्कॉटलंडला त्याच्या खेपा होत. काका मूळचे ठाण्याचेच. डॉक्टर म्हणून तरुणपणी इकडे आले आणि निवृत्त झाल्यावर या नदीकाठी राहिले. ट्राउट मासा कसा धरायचा, हे शिकायला कौस्तुभ सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे येई. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी, तिच्या पोटात गळ. ती पाण्यावर अलगद टाकायची, माशाला खरी वाटेल अशी. एवढंच काम.

पण मासा काही येत नव्हता, आणि हार मानणं कौस्तुभच्या स्वभावात नव्हतं. ठाण्याला सोसायटीच्या गच्चीवर मासेमारीचा रॉड घेऊन त्याने सराव केला होता. शेजारणीच्या वाळत घातलेल्या साड्यांतून माशी सोडवताना बोलणीही खाल्ली होती. फेक मात्र आता देखणी झाली होती, हे मान्य करायला हवं.

ऑफिसात त्याचं हसं व्हायचं. दर खेपेला तो ‘या वेळी नक्की’ म्हणून निघे आणि हात हलवत परते. आता इथलं काम संपलं होतं, उद्या विमान होतं, आणि कंपनी पुन्हा पाठवील याचा भरवसा नव्हता. त्याला एक मासा हवा होता. लोकांची तोंडं बंद करण्यापुरता एकच.

“फेक चुकते का, काका?”

“नाही. फेक सुरेख आहे.”

“मग माशी चुकीची असेल.”

“माशी मी बांधलीय.”

“मग?”

...

तेवढ्यात माशीजवळ पाणी हललं. कौस्तुभने रॉडला हिसका दिला. माशी उडाली ती थेट त्याच्याच टोपीत जाऊन रुतली. सकाळपासून हेच चाललं होतं. पाणी हललं की हिसका.

काका उठले. टोपीतून माशी सोडवली, खिशातून छोटी पक्कड काढली आणि गळाचं टोक कट्‌कन तोडून टाकलं.

“टाक आता.”

“अहो, हे काय केलंत? मासा अडकणार कसा?”

“नाही अडकणार.”

वडीलधाऱ्या माणसाला काय बोलणार? पण कौस्तुभचे कान लाल झाले. त्याने माशी टाकली ती काकांवर उपकार केल्यासारखी.

पाणी हललं. हिसका द्यायला हात उठला आणि तसाच राहिला. आता कशाला द्यायचा?

माशी वाहत राहिली. एक ट्राउट सावकाश वर आला. त्याने तोंड उघडलं, माशी आत घेतली, तोंड मिटलं आणि तो खाली वळला. मग त्याला फसवणूक कळली असावी. त्याने माशी थुंकून टाकली.

कौस्तुभ बघतच राहिला. मग हसला.

त्याने पुन्हा टाकली. दुसरा आला. मग आणखी एक आला, तो माशीभोवती फिरून, नाक मुरडून निघून गेला. कौस्तुभ काकांना हाका मारमारून दाखवत होता. हा बघा धसमुसळा, हा बघा नखरेल. ऑफिस, विमान, टवाळी, कशाचीच त्याला आठवण राहिली नव्हती. त्याला इतकं खूश काकांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि हे सांगताना मलाही फार बरं वाटतंय.

ऊन कलल्यावर काकांनी दुसरी माशी पुढे केली. अख्खी, गळासकट.

कौस्तुभने ती टाकली. पाणी हललं... तो थांबला. मासा वर आला... तरी थांबला. माशाने तोंड मिटलं, तो खाली वळला, आणि तेव्हा कुठे कौस्तुभने रॉड नुसता वर उचलला.

दोरी ताठ झाली.

काकांनी आधी हात ओला करायला सांगितलं, कोरड्या हाताने माशाच्या अंगाला इजा होते म्हणून. मग ओल्या तळव्यावर ट्राउट आला. पोट पिवळसर, कुशीवर तांबडे ठिपके. या नदीत धरलेला मासा परत सोडायचा असा रिवाज होता. कौस्तुभने गळ काढला, मासा पाण्यातच धरून त्याला दम खाऊ दिला आणि हात उघडला. शेपटी हलवून मासा गेला.

...

कौस्तुभचे डोळे भरून आले होते. ते त्याने लपवले नाहीत.

मग तो एकदम दचकला.

“काका, फोटो काढायचा राहिला.”

“हं.”

“आता ऑफिसात माझं कोण खरं मानणार?”

काकांनी मासा गेला त्या पाण्याकडे बोट दाखवलं.

“आणि त्या बिचाऱ्याचं तिथे खाली कोण खरं मानणार आहे?”