राणीच्या बैठकीखालची फळी

फार फार मागे, राजांना समुद्रसुद्धा आपल्याच मालकीचा वाटायचा, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर कान देऊन ऐकावी. कारण फसतात ते बहुतेक मोठेच.

खाडीच्या मुखाशी एक बेट होतं. बेटावर गोडं पाणी होतं, माड होते, पण वैद्य नव्हता. तो पलीकडच्या काठावर. लोकांची ने-आण एक नावाडीण करायची. तिची होडी एवढीशी. चार माणसं बसली की पाचव्याने काठावर थांबायचं. पावसाळ्यात तर तीही बंद. मागच्या पावसात एक बाळंतीण वैद्याची वाट बघत बघत गेली. तेव्हा बेटाने ठरवलं, आता मोठी नाव घ्यायची. बायकांनी अंगावरचं किडूकमिडूक काढून पाटलांच्या हाती दिलं.

अशा बातम्या पाण्यावरून लवकर पसरतात. एके सकाळी एक व्यापारी भलीमोठी नाव घेऊन बेटाला लागला. काय तिचा थाट! पुढच्या टोकाला कोरलेला मोर, कडेने पितळी पट्टी, मधोमध मखमली बैठक. अख्खं बेट काठावर लोटलं.

"ही अशीतशी नाव नाही," व्यापारी म्हणाला. "आताच्या महाराजांच्या आजी, थोरल्या राणीसाहेब, हिच्यातून फिरायला जायच्या."

पाटलांनी तिथल्या तिथे हात जोडले. नावाडीण मात्र वास घेत उभी.

"फळ्यांचं तेल ताजं दिसतंय," ती म्हणाली.

"मुलगी दाखवायची तर वेणीफणी करतातच की, मावशी!"

लोक हसले. ती हसली नाही. "तळाच्या फळ्या कधी बदलल्यात?"

"एकदा काय झालं, मोठं वादळ आलं, सगळी गलबतं फुटली, पण राणीसाहेबांची ही नाव..."

"मी फळ्या विचारल्या."

"अहो, राजवाड्याचे खांब आहेत ना, त्याच सागाच्या!"

नावाडीण पाटलांकडे वळली. "बघा. विचारावं नावेचं, तर हा सांगतो राणीचं."

पाटील वैतागले. "तुला जिकडेतिकडे चोरच दिसतात. सुनेच्या हातचा भातसुद्धा तू हुंगून खातेस."

"खाते. उद्या हिचं सुकाणू माझ्या हाती असणार, पाटील. माणसं बुडाली तर माझ्या हातून बुडतील, तुमच्या नाही."

एवढं बोलून ती नावेत चढली. अनवाणी पायाने एकेक फळी दाबली, बोटांच्या पेरांनी ठोकली, कान लावून ऐकलं. सगळ्या फळ्या टणक. कुठे खोट सापडेना, तसा तिचा संशय आणखीच वाढला. इतकी चांगली नाव, आणि हा विकतोय का?

पण लोकांना आता धीर नव्हता. पाटलांनी नारळ मागवला.

त्या बेटाची एक रीत होती. नाव विकणाऱ्याने तिच्यातलं पाणी उपसायचं भांडं आधी घेणाऱ्याच्या हातात ठेवायचं, मगच नारळ फोडायचा. ही रीत कुणी आणि का घातली, ते सगळे विसरले होते. व्यापाऱ्याने ती हसतहसत पाळली. लखलखीत पितळी भांडं त्याने पाटलांच्या हातात ठेवलं.

"जुनं कुठाय?" नावाडीण म्हणाली.

"जुनं काय करायचंय, मावशी? हे पितळी आहे!"

"नाव राणीच्या काळची आणि भांडं कालचं? जुनं कुठाय?"

"ते... ते वाटेत पाण्यात पडलं."

व्यापाऱ्याचा एक वल्हेकरी सकाळपासून नावेच्या मागच्या टोकाला मांडी घालून बसला होता. पाटील आले तेव्हा तो उठला नाही. शहाळं दिलं, तेही त्याने बसूनच प्यायलं. नावाडीण त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"ऊठ रे बाबा जरा."

"पाय दुखतोय, मावशी."

"मग तर ऊठच. चोळून देते."

तो उठला. खाली लाकडी भांडं होतं. तिने ते उचलून सगळ्यांना दाखवलं. एका बाजूची कड झिजून कागदासारखी झाली होती.

"नावेच्या तळावर रोज खरवडलं की भांडं असं झिजतं. आणि हे तर अजून ओलं आहे. आज ना पाऊस, ना लाट. मग येताना तुम्ही उपसत काय होतात?"

नावाडीण पुन्हा नावेकडे बघू लागली. पाणी येतं कुठून? फळ्या तर सगळ्या पाहिल्या. सगळ्या? मधल्या मखमलीला ती स्वतःच वळसा घालून गेली होती. राणीच्या बैठकीवर पाय कसा द्यायचा, म्हणून. तिला स्वतःचाच भयंकर राग आला. ती तरातरा तिकडे निघाली.

"तिथे नको!" व्यापारी आडवा आला. "राणीसाहेबांची बैठक आहे ती! आजवर कुणी हात लावलेला नाही."

"तेच म्हणते मी."

तिने गादी उचलून बाजूला फेकली. खालची फळी काळी पडली होती. नुसता अंगठा टेकवला, तर तो पिकल्या फणसात जावा तसा आत गेला. लाकडाचा लगदा तिच्या हातात आला आणि खालून भळभळ पाणी वर आलं.

पाटलांच्या हातातला नारळ हातातच राहिला. "घेऊन जा तुझी राणी," ते व्यापाऱ्याला कसेबसे म्हणाले.

भरती लागली होती. व्यापाऱ्याने नावेकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. त्याचे वल्हेकरी केव्हाच काठावर उड्या मारून मोकळे झाले होते. शेवटी तो नावाडिणीजवळ आला आणि हळूच म्हणाला, "मावशी, तुमच्या होडीतून पलीकडे सोडाल का?"

"सोडते की. पण आधी माझी होडी बघून घे. वाकून, हात घालून, हवं तिथे बघ."

आणि व्यापारी खरोखरच वाकून बघू लागला. अख्खं बेट पोट धरधरून हसलं.

ती त्याला सोडून परत आली, तोवर राजेशाही नाव मोराच्या मानेपर्यंत पाण्यात गेली होती. पुढे बेटाने सगळ्यांच्या डोळ्यांदेखत काठावरच एक साधी नाव बांधून घेतली. तिच्यात बैठक ठेवली नाही. सगळे तळावरच बसायचे, पाटीलसुद्धा.

ध्यानात ठेवायचं ते एवढंच: विकणारा जिथे हात लावू देत नाही, तिथेच आधी हात घालून बघावा.