कुणासाठीच नसलेलं मडकं

एका राज्यात राजाच्या खजिन्यावर सिदोजी नावाचा पहारेकरी होता. चाकरी पहाऱ्याची, पण जीव मातीत. पहारा संपला की तो घरामागच्या चाकावर बसे आणि मडकी घडवी. जातीचा कुंभार नव्हता, कुणी त्याला शिकवलंही नव्हतं. घडवलेलं मडकं घटकाभर न्याहाळायचं, मग मोडून पुन्हा त्याचा गोळा करायचा, एवढाच त्याचा छंद. त्याची बायको सगुणा पाणी भरी ते कुंभाराकडून आणलेल्या घागरीत.

त्या राजाने मेचक मांत्रिकाच्या डोंगरावरून एक सोन्याचा कलश लुटून आणला. त्यातलं पाणी कितीही ओतलं तरी सरत नसे. कलशाला शाप आहे हे राजाला ठाऊक होतं, म्हणून त्याने तो कातड्यात गुंडाळून आणला. खजिन्यात ठेवताना कातडं सरकलं. सगुणा तेव्हा नवऱ्याची भाकरी घेऊन आली होती. कलशावर धूळ दिसली, तशी तिने सवयीने पदराने पुसली.

तिची पावलं मातीची झाली.

राजवैद्य आले, मंत्र जाणणारे आले, कुणाचं काही चालेना. तेव्हा खजिन्याच्या भिंतीवर बसलेला भारद्वाज पक्षी बोलला.

"तिसऱ्या दिवशी सूर्य मावळला की ही पुरती मातीची होईल. कलशातलं पाणी शिंपलं तर सुटेल. पण सोन्यात आहे तोवर ते पाणी विष आहे. आधी ते अशा मडक्यात ओता, जे कुणासाठीच घडवलेलं नाही. कच्चं असलं तरी पाणी धरेल."

राजाने राज्यातली मडकी गोळा केली. हातांना कातडं बांधून तो स्वतः कलशातलं पाणी ओतू लागला. एकेक मडकं तडकत गेलं. कुठलं बाजारासाठी घडलेलं, कुठलं लग्नासाठी, कुठलं कुणाच्या शेवटच्या पाण्यासाठी. एक म्हातारी कुंभारीण म्हणाली, "महाराज, बिनकामाचं मडकं आमच्यात कोण घडवील? तसला खुळा एकच आहे, तो तुमच्याच दारात उभा असतो."

सगळे सिदोजीकडे वळले. पण सिदोजीच्या घरात त्याचं एकही मडकं नव्हतं.

त्याने चाक खजिन्यापुढच्या अंगणात आणलं, तिथे उचलून आणलेल्या सगुणेच्या शेजारीच. पहिल्या दिवशी त्याने माती तीनदा चाळली, लोण्यासारखी मळली आणि जन्मात घडवलं नव्हतं इतकं सुबक मडकं घडवलं. राजाने पाणी ओतलं. मडकं उभं चिरलं.

"हे सगुणेसाठी होतं," भारद्वाज म्हणाला.

तोवर माती तिच्या गुडघ्यापर्यंत चढली होती. उन्हाने ती सुकली आणि घोट्याजवळ केसाएवढी चीर गेली. सिदोजीने धोतराचं फडकं भिजवून तिच्या पायांना गुंडाळलं, ओल्या मडक्याला गुंडाळतात तसं. दुखतं का, असं विचारलं. दुखत नाही, गार लागतं, असं ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याने तिच्याकडे पाठ केली. तिचा विचार मनात येऊ नये म्हणून चाकाचे फेरे मोजत बसला. हेही मडकं चिरलं.

"हेही तिच्यासाठीच," भारद्वाज म्हणाला. "पाठ करून घडवलंस, एवढंच."

तिसऱ्या दिवशी दुपारी माती तिच्या गळ्याशी आली. फडकं भिजवायला आता राजा स्वतः बसला होता. सिदोजीचा गोळा चाकाच्या मध्यावर ठरेना. दोनदा उडून बाजूला पडला.

सगुणा हळू आवाजात म्हणाली, "अहो, माझ्याकडे बघू नका. मातीकडे बघा."

एवढं बोलली आणि तिचे ओठ मातीचे झाले.

सिदोजीने गोळा उचलला. बोटाला खडा लागला. त्याने तो काढून टाकला, तसा गोळा मध्यावर बसला आणि शांत फिरू लागला. त्याने अंगठा आत दाबला. मडक्याचं पोट फुगत आलं. खांद्याशी येता येता मातीने असा एक बाक घेतला, जो त्याने कधी पाहिला नव्हता. हा आणखी थोडा आत घेतला तर? त्याने घेतला. आता गळा याला शोभेल असा हवा, फार उंच नको. काठ जरा बाहेर. नाही, इतका नाही.

दोऱ्याने त्याने मडकं चाकावरून सोडवलं आणि मान वर केली. ऊन भिंतीच्या माथ्यावर बोटभर उरलं होतं. सगुणेचे फक्त डोळे उरले होते.

"हे कुणासाठी?" भारद्वाजाने विचारलं.

सिदोजीला सगुणेकडे बघवेना. तरी तो तिच्याकडे बघूनच म्हणाला, "कुणासाठी नाही. मी हिला विसरलो होतो."

राजाने पाणी ओतलं. कच्च्या मडक्याने ते धरलं, थेंब गळला नाही. सिदोजीने ओंजळ भरून तिच्या कपाळावर शिंपडलं. माती ओघळली. कान सुटले, गळा सुटला, हात सुटले. ऊन भिंतीवरून गेलं तेव्हा तिची पावलं जमिनीवर होती.

राजा त्याच पावली निघाला. कलश पाठीवर बांधून चालत डोंगर चढला आणि मेचकाच्या उंबऱ्यावर ठेवून आला. मेचकाने दार उघडलं नाही, पण शाप मागे घेतला.

इकडे अंगणात सगुणा केसांतली माती काढत बसली होती.

"खरंच विसरला होतात?"

"हो."

"किती वेळ?"

"ठाऊक नाही." सिदोजीची मान खाली होती.

"मला दिसत होतं. डोळे तेवढे उरले होते ना. मडक्याचा खांदा वळवताना तुम्ही हसलात."

सिदोजी चाकावरची माती खरवडू लागला.

"मी इथे मातीची होत चाललेय आणि हा माणूस हसतोय," सगुणा म्हणाली. "म्हटलं, आता सुटले."

ती उठली. पायांना मुंग्या आल्या होत्या, म्हणून त्याच्या खांद्यावर भार टाकून हळूहळू घराकडे चालू लागली.