श्रीरंगचं विमान

“पण मला का नाही पाठवलंत?” मार्तंडने शेवटी विचारलंच.

अण्णाबुवा मठामागच्या न्हाणीच्या दगडावर बसले होते. अंगाला डाळीचं पीठ, डोळे मिटलेले. त्यांना आंघोळ घालायचा मान चौदा वर्षं मार्तंडचा. त्यात तो कुणाला हात लावू देत नसे.



“श्रीरंगला येऊन दोन वर्षं झाली, बुवा. आणि तुमच्या पादुका त्याच्या हाती? ऑकलंडचा मठ त्याच्या हाती? का, तर त्याला फाडफाड इंग्रजी येतं!”

“लांब आहे का रे ते?”

“मुंबईहून बारा हजार तीनशे किलोमीटर. मध्ये सिंगापूरला उतरायचं. विमान बदलायचं. सगळे मिळून अठरा तास.”

“बरंच माहीत आहे तुला.”

मार्तंडने खिशातून मोबाइल काढला. पडद्यावर एक चिमुकलं विमान सरकत होतं. ते बघत त्याने रात्र काढली होती. मेला खिडकीशी बसला असेल, पादुका मांडीवर घेऊन!

“आत्ता कुठं आहे?”

“पोचलाच. वेळेच्या दहा मिनिटं आधी.” ‘आधी’ म्हणताना त्याचं तोंड कडू झालं.

“रात्री कुठं होता?”

“ऑस्ट्रेलियावर.”

“तिकडची हवा?”

“ढगाळ. सोळा डिग्री.”

“हं...”

बुवा तसेच बसून राहिले. पीठ अंगावर वाळत चाललं होतं. मार्तंड एका हातात रिकामा तांब्या आणि दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन उभा होता. चिमुकलं विमान थांबलं.

थोड्या वेळाने फोन वाजला. श्रीरंगचा.

मार्तंडला तो घ्यायचा नव्हता. पण बुवांनी मिटल्या डोळ्यांनीच हात पुढे केला. त्याने स्पीकर लावला.

“मार्तंडदादा, उतरलो बरं का. बुवांची आंघोळ झाली?”

“...का?”

“पाणी चांगलं कढत घ्या आज. काल निघताना पाया पडलो, तर पाय तापलेले लागले मला. कणकण असेल. ते काही सांगायचे नाहीत. विमानभर तेच मनात होतं.”

काल पाया मार्तंडही पडला होता. आज पहाटेही पडला होता.

त्याने घंगाळात बोटं बुडवली. पाणी केव्हाच गार झालं होतं.

मग त्याने बुवांकडे पाहिलं. वाळलेल्या पिठाखाली म्हाताऱ्याचे खांदे थरथरत होते. मार्तंडला लाज वाटली आणि त्या लाजेतही श्रीरंगचा हेवा वाटला.

“बुवा... बोलला का नाहीत?”

अण्णाबुवांनी डोळे उघडले.

“तो पोचला, मार्तंडा. आता तू परत ये.”