रेवाचे डोळे

“आबा, भीती कुठे कमी पडतेय का?”

सुहृदनं पडद्यावरचं चित्र थांबवून विचारलं. विचारणं आपलं नावाला. कान कौतुकासाठी टवकारलेले!

आबा इंगवले पडद्याकडे बघत होते. कोल्हापुरात त्यांनी उभी हयात सिनेमांना प्रकाश दिला होता. सुहृद त्यांच्याच हाताखाली शिकला, आणि आता स्वतःचा भयपट काढत होता.

पडद्यावर एक लहान मुलगी दारात उभी होती.

“दिवा खालून लावलाय. म्हणून सावली पार आढ्याला भिडते. दाराच्या चौकटीत पोरीला दोन्हीकडून आवळलंय. आणि वर रिकामा पाळणा... मरणाची खूण!”

गुरूची विद्या गुरूलाच ऐकवणं चाललं होतं.

“पोर कुणाची?” आबांनी विचारलं.

“ताईची. माझी भाची, रेवा. सहा वर्षांची आहे, पण काय डोळे दिलेत बघा!” मग त्याचा आवाज उतरला. “उद्या शेवटचा शॉट आहे, आबा. आणि ती मला बघितलं की कॉटखाली शिरते. कुणाशी बोलत नाही, जेवत नाही. ताई तुमचा शब्द मोडणार नाही. तुम्ही सांगा ना तिला. नाहीतर सिनेमा बुडाला माझा.”

“भेदरवलीस कशी तिला?”

“रडेचना हो! मग म्हटलं... तुझी आई मेली. लगेच सांगितलं की खोटं आहे म्हणून! कलेपायी एवढं करावंच लागतं.”

आबा उठले. पडद्याजवळ गेले. डावा पंजा पाळण्यावर ठेवला, उजवा सावलीवर. मधे उरले फक्त डोळे.

“आता गेली भीती?”

“...नाही.”

“पाळण्याकडं बघतीया ती?”

“नाही.”

“सावलीकडं?”

“सावली तर तिच्या पाठीमागे आहे.”

“मग कुठं बघतीया?”

हा शॉट सुहृदनं शंभरदा पाहिला असेल. पण भाचीची नजर कुठं लागली आहे, हे मेल्यानं एकदाही पाहिलं नव्हतं. आता तो पडद्याजवळ सरकला.

“कॅमेऱ्याच्या... शेजारी.”

“तिथं कोण हुतं?”



“मी.”

आबांनी पडद्यावरचे हात काढले.

“उद्या पोरीला आणू नकोस. कॅमेरा तिच्या जागेवर ठेव... आणि तू त्या दिवशी हुतास, तिथंच उभा राहा.”